खोपा विणतो नर, पसंत करते मादी! विहिरीवरच्या सुगरण पक्ष्याची सविस्तर माहिती

पिशोर (ता. कन्नड) : मृगाचा पाऊस पडून गेला, बांधावरचं गवत गुडघ्याला लागलं की आपल्या भागातल्या विहिरींवर एक गडबड सुरू होते. विहिरीत झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना हिरवे खोपे लटकू लागतात आणि दिवसभर चिट-चिट, ची-ई-ई असा कलकलाट चालतो. हा सुगरण पक्षी. हिंदीत याला बया म्हणतात. अंजना नदीच्या काठाने, अंजना-पळशी प्रकल्पाच्या परिसरात, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी, करंजखेड या पट्ट्यात तो लहान पोरांनाही माहीत आहे. पण त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यात निम्मं खरं आणि निम्मं ऐकीव असतं. वाचकांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. सध्या अनेक शेतकरी विहिरीचं काम काढताना काठची झाडं तोडत आहेत. तोडण्याआधी हे वाचलेलं बरं.

ओळख कशी करायची?

आकार चिमणीएवढाच, साधारण १५ सेंटीमीटर. चोच मात्र चिमणीपेक्षा जाड आणि शंकूसारखी, दाणा फोडण्यासाठी बनलेली. एरवी नर आणि मादी दोघेही भुऱ्या रंगाचे, पाठीवर गडद रेघा. मादी चिमणीच समजून आपण सोडून देतो. विणीचा हंगाम आला की नर ओळखू येतो. डोक्यावर हळदीसारखी पिवळीधमक टोपी, गालावर आणि गळ्यावर काळपट तपकिरी मुखवटा, छाती पिवळी. चोचही काळपट होते. मादी मात्र बारा महिने तशीच साधी राहते.

नाव सुगरण, म्हणजे बाईमाणसाचं. घरात चांगला स्वयंपाक करणारीला आपण सुगरण म्हणतो, म्हणून हा खोपाही मादीच विणत असणार असं गावाकडे सगळे धरून चालतात. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केली. त्यामुळेही हा समज पक्का झाला असावा. प्रत्यक्षात खोपा विणायचं काम नराचं आहे. नाव बाईचं आणि कष्ट गड्याचे. उलटं ऐकायची सवय असल्यामुळे बऱ्याच जणांना हे पटत नाही. तेव्हा सकाळी अर्धा तास विहिरीपासून लांब उभं राहून बघा, पात घेऊन येणारा प्रत्येक पक्षी पिवळ्या टोपीचा दिसेल.

नावात फिलिपिन्स, पण पक्षी तिथला नाही

शास्त्रीय भाषेत या पक्ष्याला 'प्लोसियस फिलिपिनस' म्हणतात. फिलिपिन्स हा पूर्वेकडच्या समुद्रातला बेटांचा देश. ब्रिसाँ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १७६० साली हा पक्षी फिलिपिन्स बेटांवरचा म्हणून लिहून ठेवला. पुढे १७६६ मध्ये स्वीडनच्या लिनियसने त्याच आधारावर शास्त्रीय नाव दिलं. गंमत अशी की फिलिपिन्समध्ये ही सुगरण मुळात राहतच नाही. ज्या पक्ष्यावरून वर्णन झालं तो श्रीलंकेचा असावा असं नंतरच्या तज्ज्ञांनी ठरवलं. पण शास्त्रीय नाव एकदा दिलं की नियमाप्रमाणे सहसा बदलत नाहीत. सातबाऱ्यावर चुकून लागलेलं नाव निघायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीतच आहे, इथे तर अडीचशे वर्षं झाली.

श्रीलंका, सुमात्रा आणि जावा या बेटांवर मात्र सुगरण खरोखर आहे. पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, थायलंडपर्यंत तिचा पसारा आहे.

तसं पाहिलं तर मराठीत बेट म्हणजे फक्त समुद्रातलं नव्हे. बांबूचं बेट, सिंदीचं बेट असंही आपण म्हणतो. चारी बाजूंनी कपाशी, मका आणि आल्याची वावरं, मध्ये एक विहीर, विहिरीवर चार बाभळी आणि कडेला उंच गवत. सुगरणीसाठी हे बेटच आहे.

राहायला काय काय लागतं?

चार गोष्टी जवळजवळ लागतात. पहिली पाणी. विहीर, नाला, तळं, धरणाचा फुगवटा, काहीही चालतं. दुसरी म्हणजे झुकलेल्या बारीक फांद्यांचं झाड, शक्यतो काटेरी. आपल्याकडे बाभूळ आणि सिंदी, कोकणात नारळ आणि ताड. तिसरी गोष्ट लांब पात्याचं गवत किंवा पीक, ज्यातून धागा काढता येतो. चौथी, दाणे आणि किडे मिळतील असं रान. यातली एक जरी गेली तरी पक्षी जागा सोडतात. घनदाट जंगल त्यांना नको असतं. गौताळा औट्रमघाट अभयारण्य आपल्याला जवळ आहे, १९८६ साली ते जाहीर झालं, पण सुगरण बघायला अभयारण्यात जायची गरज नाही. हा शेताचा पक्षी आहे आणि त्याचं बरंवाईट शेतकऱ्याच्या हातात आहे.

खोपे विहिरीत का लटकतात, याचं उत्तर सोपं आहे. खाली पाणी आणि फांदी बारीक. मांजर, मुंगूस तिथे पोचत नाही. धामण किंवा सरडा फांदीवरून आलाच तर खाली लटकणाऱ्या नळीतून आत शिरणं अवघड जातं. बाभळीचे काटे हे आणखी एक कुंपण. बहुतेक ठिकाणी खोपे झाडाच्या पूर्वेच्या बाजूला जास्त दिसतात, कारण पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो आणि झाडाचा आडोसा मिळतो. आपल्या विहिरीवर हे पडताळून बघायला काही हरकत नाही.

खोपा कसा तयार होतो?

हा भाग सगळ्यात बघण्यासारखा आहे.

नर उसाच्या, मक्याच्या किंवा उंच गवताच्या पात्यावर बसतो. पात्याच्या बुडाशी चोचीने छोटी खाच पाडतो, कडेचा धागा चोचीत धरतो आणि उडतो. उडता उडता पात्याची लांब चिरफळी निघून येते. वीतभर ते दोन फूट लांबीच्या अशा चिरफळ्या तो आणतो. एका खोप्यासाठी ५०० पर्यंत खेपा होतात. धागा हिरवा ओला असतो तोवर वळतो, वाळला की ताठ होऊन घट्ट बसतो. म्हणून वाळकं गवत तो विणायला घेत नाही.

आधी फांदीच्या टोकाला धाग्यांचे वेढे देऊन गाठी मारतो. मग खाली एक कडं तयार करतो, झोक्यासारखं. त्या कड्यात बसून, चोच पोचेल तिथपर्यंत तो आजूबाजूला विणत जातो. वरून घुमट तयार होतो आणि खालून उघडा राहतो. मधोमध एक आडवा पट्टा असतो. या टप्प्यावर खोपा उलट्या टोपीसारखा, मोटारसायकलच्या हेल्मेटसारखा दिसतो. इथपर्यंत यायला साधारण आठ दिवस लागतात.

आणि इथे काम थांबतं. आता मादीची वाट बघायची.

माद्या टोळीने येतात. त्या आल्या की झाडावर एकच दंगा होतो. प्रत्येक नर आपापल्या अर्धवट खोप्याला लटकून पंख फडफडवतो आणि सगळे मिळून गायला लागतात. आपण ऐकतो तो कलकलाट तो हाच. आधी चिट-चिट-चिट आणि शेवटी लांब ओढलेली ची-ई-ई. एकट्या पक्ष्याचं गाणं म्हणून ते कोकिळेसारखं गोड नाही, पण पंचवीस-तीस नरांनी एका सुरात धरलं की शेजारच्या वावरापर्यंत जातं.

मादी आत शिरते, आडव्या पट्ट्यावर बसते, धागे ओढून बघते. पटलं नाही तर सरळ दुसऱ्या खोप्यावर जाते. अभ्यासकांनी मोजमाप करून पाहिलं तेव्हा असं दिसलं की विणकामापेक्षा मादी जागेला जास्त महत्त्व देते. खोपा उंचावर हवा, फांदी बारीक हवी, झाड काटेरी हवं. म्हणजे नराने कितीही सुबक विणलं आणि जागा चुकली तर नकार ठरलेला. स्थळ बघायला आल्यावर मुलापेक्षा घर, पाणी आणि रस्ता आधी बघतात, तसाच हा प्रकार.

पसंती मिळाली की नर पुढचं काम घेतो. पट्ट्याच्या एका बाजूला अंड्यांची कोठी बंद करतो, दुसऱ्या बाजूने खाली येणारी नळी विणतो. ही नळी कधी वीतभर तर कधी चांगली हातभर असते. सगळा खोपा पुरा व्हायला अठराएक दिवस जातात. ज्याला कुणीच पसंत केलं नाही तो खोपा तसाच अर्धा राहतो. झाडावर जे नळी नसलेले खोपे दिसतात ते नराला बसायला किंवा झोपायला केलेले आहेत असं काही जण सांगतात. त्यातले बरेचसे नाकारलेलेच असतात. अशा वेळी नर दुसरा खोपा घेतो. शेजारच्याच्या खोप्यातले धागे उपसून आणणारे चोरही या वस्तीत असतात, त्यावरून भांडणं होतात.

अंडी, पिल्लं आणि दुसरं घर

मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि एकटीच उबवते. १४ ते १७ दिवसांत पिल्लं निघतात आणि पुढे साधारण तेवढ्याच दिवसांनी उडतात. चारा आणायचं काम मुख्यतः मादीच करते. नर थोडीफार मदत कधी करतो, पण त्याचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलेलं असतं. पहिली मादी अंड्यावर बसली की तो शेजारच्या फांदीला नवा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एका हंगामात एकापाठोपाठ एक अशी दोन-तीन घरं तो मांडू शकतो.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट उलगडली ती आपल्या महाराष्ट्रातच. डॉ. सलीम अली १९३० च्या सुमारास नोकरी गेल्यामुळे अलिबागजवळ किहीमला, पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या घरी राहायला गेले होते. घराजवळच सुगरणींची वस्ती होती. रोज तिथे बसून त्यांनी कोणता नर कोणता खोपा विणतो, कोणती मादी कुठे जाते हे टिपून ठेवलं आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. नर हंगामात एकापेक्षा जास्त माद्यांशी घर करतो हे त्यातून जगाला कळलं. पुढे ज्यांना सगळा देश पक्षीतज्ज्ञ म्हणून ओळखू लागला, त्यांच्या नावाची सुरुवात या साध्या शेतातल्या पक्ष्याने झाली.

चिखल आणि काजवा

खोप्याच्या आत भिंतीला चिखलाचे किंवा शेणाचे गोळे चिकटवलेले सापडतात. त्यावरून एक गोष्ट देशभर सांगतात की सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवते आणि रात्री घरात उजेड करते. ऐकायला छान आहे, पण खरं नाही. चिखलाने खोप्याला वजन येतं आणि वाऱ्यात तो कमी हिंदकळतो, असं अभ्यासकांचं मत आहे. हे गोळे नर लावतो आणि तेही हेल्मेटच्या टप्प्यातच.

खोप्यावरून पावसाचा अंदाज सांगणारेही आहेत. कावळ्याच्या घरट्यावरून तो बांधायची जुनी रीत आहेच. सुगरणीच्या बाबतीत मात्र एवढंच म्हणता येईल की पाऊस होऊन गवत वाढल्याशिवाय ती कामाला लागत नाही. म्हणजे खोपा झालेल्या पावसाबद्दल सांगतो, येणाऱ्या नाही.

पिकाचं नुकसान होतं का?

होतं, लपवण्यात अर्थ नाही. बाजरी, ज्वारी निसवून दाणा दुधात आला की थवेच्या थवे उतरतात. एकटंच वावर लवकर निसवलं असेल तर सगळी पाखरं तिथेच. ज्यांनी माळ्यावर बसून गोफण फिरवली आहे त्यांना कुणी पक्षीप्रेम शिकवायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मक्याचं कणीस आवरणात झाकलेलं असतं, त्यामुळे त्याला सुगरणीचा त्रास फारसा नाही. उसाची, मक्याची पात मात्र विहिरीजवळच्या दोन-चार ओळींत चिरलेली दिसते. त्याने उत्पन्नात फरक पडत नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी. पिल्लांना नुसते दाणे चालत नाहीत. त्यांना अळ्या, नाकतोडे, किडे भरवावे लागतात आणि ते आसपासच्या पिकातूनच येतात. शिवाय मोठे पक्षी वर्षातला बराच काळ गवताचं बी खाऊन जगतात.

उपाय साधे आहेत. शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरणी केली तर नुकसान वाटलं जातं. बाजरीत लांब केसाळ कणसाचे वाण घेतले तर पाखरांना टोचतं आणि त्रास कमी होतो. चमकणारी फीत पंधरा दिवस काम करते, नंतर पाखरं सरावतात. म्हणून ती दाणा भरायच्या वेळीच लावावी, आधी नाही. विषारी दाणे टाकणं हा उपाय नाही. ते कोंबड्या, मोर, कबुतरं सगळेच खातात आणि तो गुन्हाही आहे.

बदललं काय?

पिशोरच्या आसपास जुनी माणसं सांगतात की पूर्वी प्रत्येक मळ्यातल्या विहिरीवर खोपे असायचे. आता दोन-चार विहिरी सोडून मग एखादी वस्ती दिसते. कारणं डोळ्यांसमोरच आहेत. कच्च्या विहिरी बांधून काढताना काठची बाभूळ आधी जाते. मुळ्यांनी बांधकाम फुटतं, पाला पाण्यात पडतो, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. शेततळं आलं, पण प्लास्टिकच्या कागदावर झाड कुठून येणार? बांध कोरून कोरून फूटभर राहिले आणि उरलेल्या गवतावर तणनाशक मारलं जातं. बाजरीची जागा मका, कपाशी आणि आल्याने घेतली. नाल्याकाठची सिंदीची बेटं जेसीबीने साफ झाली.

सुगरण आज जगात धोक्यात आलेली नाही, ती भरपूर आहे. पण तिच्याच घराण्यातली फिनची सुगरण ही जात बघा. ती फक्त हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत आणि आसामकडे, उंच गवताच्या तुकड्यांत राहते. गवताळ रानं शेतीखाली आणि घराखाली जात राहिली, तुकडे लहान होत गेले आणि २०२१ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. तीही कधीकाळी तिथल्या लोकांना नेहमीचीच वाटत होती.

आपल्याकडे करायचं ते फार मोठं नाही. विहीर बांधताना पाण्याकडे झुकलेली एखादी बाभूळ बांधकामापासून दहा-पंधरा फुटांवर राखता येते. तोडायचीच असेल तर दिवाळीनंतर तोडावी. आषाढ-श्रावणात तोडली तर खोप्यातली अंडी-पिल्लं सगळी पाण्यात जातात. वीजवाहिनीखालच्या फांद्या छाटायला माणसं येतात, त्यांनाही खोपे दाखवून दुसऱ्या बाजूची फांदी छाटायला सांगता येतं. बांधाच्या एका कोपऱ्यात हत्तीगवताचं ठोंब लावलं तर जनावराला चारा आणि पाखराला धागा, दोन्ही होतं.

खोपे काढून शोभेसाठी विकणं किंवा घरात टांगणं बंद व्हायला हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पक्षी पकडणं, त्याची अंडी घेणं किंवा घरट्याला इजा करणं गुन्हा आहे. रिकामा दिसणारा खोपाही रिकामा असेलच असं नाही. जुन्या खोप्यात मुनिया पक्षी अंडी घालतात, बारीक उंदीरही राहतात. कुणी खोपे तोडताना किंवा जाळं लावताना दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो.

फोटो काढणाऱ्यांसाठी एवढंच की काठापासून लांब उभं राहा, मोबाईल झूम करा आणि फांदी ओढू नका. कच्च्या काठावर पाय घसरायला वेळ लागत नाही.

हंगाम संपल्यावर जातात कुठे?

लांब कुठे जात नाहीत. पाऊस ओसरला, पिल्लं उडाली की नराची पिवळी टोपी हळूहळू जाते आणि तो पुन्हा मादीसारखा भुरा होतो. हिवाळ्यात सगळे मोठ्या थव्याने फिरतात, दिवसा कापणी झालेल्या वावरात दाणे टिपतात आणि संध्याकाळी उसात किंवा धरणाच्या फुगवट्याकाठच्या पाणकणसात झोपायला एकत्र उतरतात. अंधार पडेपर्यंत त्यांचा गलका चालतो. चिमण्यांचा थवा आहे की सुगरणींचा हे कळत नसेल तर चोच बघा. चोच जाड, शेपूट आखूड आणि भुवईसारखी फिकट पिवळसर पट्टी असेल तर ती सुगरण.